पिसवांनी घर ताब्यात घेतलंय, फवारणी न करता काय करता येईल?

वाकळवाली
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी पेठेत जुनं घर आहे आमचं. पुढं सोपा, मागं परसू, खाली शहाबादी फरशी, वर लाकडी माळा. घरात भैरू (गावठी, तपकिरी, स्वभावानं पुढारी) आणि चिंगी मांजर. पाऊस लागल्यापासून दोघंही दिवसभर खाजवत बसलेत. परवा भैरूला उताणा करून बघितलं तर जांघेत बारीक काळपट पिसवा नुसत्या सुळसुळत होत्या. आता माणसांनाही चावायला लागल्यात. घोट्याच्या वर ओळीनं लाल गांधी उठतात आणि रात्रभर खाज.

अडचण अशी की नणंदेचं बाळ रांगतंय आणि ती बाळंतपणापासून इथंच आहे. सासूबाईंना दमा. त्यामुळं फवारणीवाल्याला बोलवायचं नाही असं घरात ठरलंय. एका दुकानात विचारलं तर त्यानं गोठ्यात मारायच्या औषधाची बाटली हातात ठेवली, "बादलीत टोपणभर टाकून कुत्र्याला धुवा" म्हणाला. बाटलीवर जनावराचं चित्र म्हशीचं. तिथंच ठेवून आले.

घरगुती उपायांनी कुणी खरंच पिसवा घालवल्यात का? मोबाईलवर आलेले उपाय नकोत, स्वतः केलेलं सांगा.

पेठेतला_पैलवान
भैरूला तालमीत पाठवा. हौद्यातल्या मातीत हळद, कापूर, ताक, तेल, लिंबू सगळं असतंय. आजवर एका पैलवानाला पिसू चावल्याचं ऐकलं न्हाई.

मिसळ_जास्त_तिखट
चावली तरी पैलवानाला कळत नसंल मर्दा.

आजीचा_बटवा
ताई, आमच्या गगनबावड्याकडच्या घरी हे दर पावसाळ्याचं. आई करायची ते सांगतो.

लिंबाचा पाला (कडुनिंब, खायचं लिंबू नव्हे) उकळून त्या पाण्यानं कुत्र्याला अंघोळ. त्याच्या झोपायच्या पोत्याखाली निरगुडीचा पाला. वेखंडाची पूड अंगावर चोळायची. करंजाचं तेल कानामागं आणि शेपटीच्या बुडाला. सीताफळाच्या बिया वाटून त्याचा लेप, हा सगळ्यात जालीम. आजोबा तर रॉकेलचा बोळा फिरवायचे, नाहीतर तंबाखूचं पाणी. संध्याकाळी घरात पाल्याची धुरी. आमची कुत्री बारा-बारा वर्षं जगली.

मनीमाऊची_आई
@आजीचा_बटवा, दादा राग मानू नका, पण यातलं निम्मं जिवावर बेतणारं आहे. ताईंच्या घरात मांजर आहे. मांजर दिवसातून कितीदा अंग चाटतं बघा, अंगावर लावलेलं सगळं पोटात जातं. त्यात मांजराच्या यकृताला बरीचशी रसायनं मोडताच येत नाहीत, कुत्र्याला जी जमतात ती सुद्धा. कापूर, टी ट्री तेल, लिंबूवर्गीय तेलं, फिनेल, डांबर गोळ्या यातलं काही म्हणजे काही मांजराच्या आसपास नको.

सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते. उवांसाठी बायका डोक्याला लावतात आणि डोळे सुजवून दवाखान्यात जातात, हे आपल्याकडं नवीन नाही. रॉकेलनं कातडी भाजते. तंबाखूच्या पाण्यात निकोटीन, तेही विषच.

आजीचा_बटवा
पूर्वी कुठं होते ताई दवाखाने? नैसर्गिक वस्तूंनी असं काही होत नाही.

मिसळ_जास्त_तिखट
धोतराही नैसर्गिकच की. घालू का चटणीत?

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर
धागा उशिरा बघितला. जिल्ह्यात नोकरी केली, आता कळंब्याला असतो. म्हशी जास्त, कुत्री कमी बघितली, तरी पिसवांचं जरा सविस्तर लिहितो, कारण सगळे कुत्र्याच्या अंगाबद्दल बोलताहेत आणि खरं भांडण जमिनीशी आहे.

कुत्र्यावर आणि मांजरावर आपल्याकडं सापडते ती बहुतेक मांजराची पिसू, नाव मांजराचं असलं तरी दोघांनाही धरते. मादीनं एकदा रक्त प्यायलं की एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते, दिवसाला 40-50 पर्यंत. ही अंडी केसाला चिकटत नाहीत (उवांची लिख चिकटते, हिची नाही). कुत्रा उठला, अंग झाडलं, की ती खाली पडतात. म्हणजे तो जिथं जास्त वेळ लोळतो तिथं ढीग. अंड्यातून बारीक पांढरी अळी निघते. ती उजेडाला भिते, फरशीच्या सांध्यात, पोत्याखाली, लाकडाच्या भेगेत सरकते. तिचं खाणं म्हणजे मोठ्या पिसवांची विष्ठा, सुकलेलं रक्तच ते. मग ती कोश विणते, त्याला धूळ-माती चिकटते, तो दिसतही नाही.

साधारण हिशेब असा सांगतात: घरातल्या एकूण पिसवांपैकी 5 टक्के जनावराच्या अंगावर, बाकी 95 टक्के अंडी, अळ्या आणि कोश म्हणून घरात. तुम्ही भैरूला रोज अमृतानं अंघोळ घातली तरी 5 टक्क्यांशीच लढताय.

आता कोल्हापूरचा पावसाळा. अळीला ओल लागते. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली गेली की ती वाळून मरते. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कपडे दोरीवर तीन-तीन दिवस वाळत नाहीत, म्हणजे तिच्यासाठी सणच. अंड्यापासून पिसवेपर्यंतचा फेरा या हवेत तीन-चार आठवड्यांत पुरा होतो.

आणि कोश. तो सगळ्यात चिवट. आत पिसू तयार होऊन महिनोन्महिने बसून राहू शकते. फवारणीचं औषधही कोशात नीट पोचत नाही. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की फोडून बाहेर येते.

ताई, गोठ्याचं औषध परत ठेवलंत ते फार बरं केलंत. ती बहुधा सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या घराण्यातली असतात, नाहीतर अमिट्राझ. म्हशीला चालतं, कुत्र्याला मोजून चालतं, मांजराला चालत नाही. ओल्या कुत्र्याला घासून बसलेलं मांजर थरथरत आणलेलं बघितलंय मी.

कोटीतीर्थ
डॉक्टर, तो कोशाचा प्रकार आम्ही भोगलाय. 2019 च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यावर पाणी आलं. माणसं, कुत्री, सगळे मेव्हण्याकडं उचगावला. वरचा मजला कोरडा होता, कुलूप लावून गेलो. खालचा चिखल काढायला रोज यायचो, पण वर कुणी फिरकलंच नाही. सगळं निस्तरून वर झोपायला गेलो त्या रात्री पायजमा गुडघ्यापर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरला. कुत्रं नाही, मांजर नाही, आणि पिसवा कुठनं आल्या म्हणून बायको मलाच विचारत होती.

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर
तेच ते. महिनाभर उपाशी बसलेले कोश, तुमच्या पहिल्या पावलाला एकदम फुटले.

वाकळवाली
बापरे. पण डॉक्टर, अंगावरच्या काळ्या कणांवरून पिसवाच आहेत हे नक्की कसं ओळखायचं? सासूबाई म्हणतात नुसती माती आहे, तो परसात लोळतो.

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर
पांढरा कागद किंवा कापूस ओला करा, कुत्र्याच्या पाठीवर शेपटीजवळ केस उलटे करून ते कण त्यावर पाडा. माती असेल तर मातीच राहील. पिसवांची घाण असेल तर कणाभोवती तांबूस डाग पसरतो. रक्त असतं ना ते.

वाकळवाली
तांबूस. सासूबाईंनी स्वतः बघितलं आणि चहा तसाच ठेवून हात धुवायला गेल्या.

न्यूजर्सीचा_रस्सा
इकडं घरभर गालिचे, त्यामुळं आमच्याकडं हा प्रकार फार. एक युक्ती सांगतो: पांढरे मोजे घालून घरभर सावकाश फिरा. जिथं मोज्यावर ठिपके चढतील ती जागा पकडा. सगळं घर धुवत बसण्यापेक्षा बरं. दुसरं म्हणजे रात्री जमिनीवर पसरट ताटलीत पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब, आणि वर छोटा दिवा. पिसवा उजेडाकडं उडी मारतात आणि बुडतात. साबणामुळं पाण्याचा पृष्ठभाग त्यांना तोलत नाही. सगळ्या मरत नाहीत, पण कमी होताहेत का वाढताहेत हे कळतं.

पेठेतला_पैलवान
आमच्याकडं रात्री ताटलीत काही ठेवलं तर सकाळी कुत्रं चाटून मोकळं.

उसातला_उंदीर
थोडं विषयांतर. पिसू म्हटलं की मला प्लेग आठवतो. 1898 साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे दाखवून दिलं. त्याआधीच मुंबई-पुण्यात प्लेगनं कहर केला होता आणि लोकांना घराबाहेर काढून छपरात ठेवत होते. आपल्याकडं शाहू महाराजांनीही गाव सोडून माळावर झोपड्या टाकायला लावल्या होत्या. त्या काळी कारण नक्की ठाऊक नव्हतं, पण उंदीर-पिसवांच्या घरातनं माणूस बाहेर काढणं हा उपाय मात्र बरोबर लागू पडायचा.

मनीमाऊची_आई
अहो बाळ असलेल्या घरात प्लेग कशाला काढताय!

उसातला_उंदीर
ताई ती पिसू वेगळी, उंदरावरची. भैरूवरचीनं प्लेगची भीती घ्यायचं कारण नाही. घाबरवायला लिहिलं नव्हतं.

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर
बरोबर. कुत्र्या-मांजराच्या पिसवेची भीती वेगळी. अंग चाटताना ती पोटात गेली की पट्टकृमी होतो. शेपटीखाली किंवा झोपायच्या जागी तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर समजा. लहान मुलांनाही होतो, खेळताना पिसू तोंडात गेली तर. म्हणून रांगतं बाळ असेल तर पिसवा आणि जंताचं औषध दोन्ही एका वेळी बघायचं. आणि पिल्लांचं रक्त शोषून शोषून पिसवा त्यांना पांढरीफटक करतात, हिरड्या बघा पिल्लाच्या.

गवळी_गल्ली
डाक्टर, आमच्या म्हशीला कधी पिसवा दिसल्या न्हाईत. गोचीड भरपूर.

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर
मोठ्या जनावराला पिसवा क्वचित. गोचीड वेगळा प्राणी, आठ पायांचा, रुतून बसतो, उडी मारत नाही. त्याचे उपाय इथं मिसळू नका.

गंगावेशची_ताई
मी सांगते आम्ही काय केलं ते, फवारणी न करता. कुणाला वाटेल कामं वाढवणारं आहे, आहेच.

पहिली गोष्ट फणी. उवांची असते ना, लिखा काढायची, धातूची बारीक दातांची, तीच. रोज संध्याकाळी कुत्रा मांडीवर (मांजर असेल तर ते झोपेत असताना), शेजारी तांब्यात साबणाचं पाणी. मान, काखा, पोट, शेपटीचं बूड असं विंचरायचं आणि फणी पाण्यात बुडवायची. पिसू चिमटीत चिरडायला जाऊ नका, निसटते, आणि नखावर रगडली तर अंडी सांडतात. पाण्यात बुडवली की खेळ खलास. मांजराला अंघोळ घालायच्या भानगडीत पडू नका, फणीच बास.

दुसरं अंघोळ, कुत्र्याला. आधी मानेभोवती फेसाचं कडं करायचं. नाहीतर पाणी पडलं की सगळ्या पिसवा कानाकडं आणि डोळ्यांकडं पळतात. मग अंगभर फेस, थोडा वेळ तसाच, मग धुवा. आम्ही रिठा उकळून वापरतो. रिठ्याचा फेस हा साबणाचंच काम करतो. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका, फार चुरचुरतं. लिंबाच्या पाल्याचं पाणी शेवटी घातलं तर वास बरा येतो, कातडीची आग कमी होते. पिसवा त्यानं मरतात असं मला दिसलं नाही.

तिसरं, आणि खरं हेच. कुत्र्याची झोपायची जागा एकच ठेवायची आणि ती अशी हवी की उचलून उकळता येईल. पोतं फेकून द्या. जुन्या सुती साड्यांची वाकळ करा, दोन, म्हणजे एक धुण्यात असताना दुसरी. आठवड्यातनं दोनदा तरी कडकडीत गरम पाण्यात. उचलताना झटकायची नाही, कडा आत दुमडून गुंडाळी करून न्यायची. झटकली की अंडी सगळीकडं.

वाकळवाली
भैरू सध्या माझ्याच नावाच्या वस्तूवर झोपतो, पण ती लोकरीची भरलेली आहे, आठवडाभर वाळत नाही. साड्यांची करते.

गंगावेशची_ताई
घोंगडं असेल तर ते पण काढा. ऊन पडेल त्या दिवशी गच्चीवर पसरा, पण उन्हानं वरच्या अळ्या मरतात, शिवणीत बसलेले कोश मरतीलच असं नाही. इस्त्री फिरवली तर शिवणीसुद्धा तापतात.

शाहूपुरीकर
एवढं सगळं करण्यापेक्षा डॉक्टरांकडून एक गोळी आणा. चघळायची येते, महिनाभर किंवा त्याहून जास्त टिकते. कुत्रं खातं, पिसू चावली की मरते, घरात काही सांडत नाही, बाळाला काही नाही, दम्याला काही नाही. फणी घेऊन बसायला रोज वेळ कुणाला आहे? नोकरी करून घर चालवणाऱ्या माणसानं रिठा उकळायचा?

आजीचा_बटवा
ती रसायनं रक्तात जातात हो.

शाहूपुरीकर
तुमचं रॉकेल कुठं जात होतं?

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर
शाहूपुरीकर अर्धे बरोबर आहेत. कुत्र्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असली तर चार-दोन पिसवांनीही शेपटीच्या बुडाचे केस जातात, कातडी ओली होऊन चिघळते. तिथं फणीची वाट बघू नये. पिल्लू अशक्त असेल, मांजर पांढरं पडलं असेल, तरी नाही. त्या गोळ्या फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर अशा औषधांच्या, वजन तपासून द्यायच्या. फिट येणाऱ्या कुत्र्याला देताना डॉक्टरला आधी सांगायचं. कुत्र्याची गोळी मोडून मांजराला कधीच नाही.

पण गोळी दिली म्हणून जमिनीतले कोश मरत नाहीत. ते फुटत राहणार, कुत्र्यावर चढणार, चावणार आणि मग मरणार. म्हणून लोक आठवड्यानं फोन करतात, "डॉक्टर, तुमची गोळी डुप्लिकेट." झाडू कुणालाच चुकत नाही.

मिसळ_जास्त_तिखट
लसणाचं काय? रोज एक पाकळी खायला घातली तर अंगाच्या वासानं पिसवा पळतात असं एकानं सांगितलं. आमचा रॉकी रविवारी तांबड्या रश्श्यातली हाडं चाटतो, म्हणजे लसूण जातच असणार. तरी पिसवा आहेतच.

मनीमाऊची_आई
तुमचा तांबडा रस्सा बंद करा आधी! कांदा-लसूण कुत्र्या-मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. एकदा चाटलं म्हणून लगेच काही दिसत नाही, पण दर रविवारी वाटणाचा रस्सा म्हणजे रक्त कमी होत जातं. शिजवल्यानं ते जात नाही. मांजराला तर थोडंही वाईट.

मिसळ_जास्त_तिखट
पांढरा चालेल?

मनीमाऊची_आई
त्यात पण लसूण असतो. तुम्हाला माहीत आहे.

मिसळ_जास्त_तिखट
कोल्हापुरात कुत्रं म्हणून जन्माला आला आणि रस्सा नाही. बिचारा. बरं, आजपासून त्याचं मटण वाटण पडायच्या आधी काढून ठेवतो.

पुईखडीचा_प्राध्यापक
डायटोमेशियस अर्थ नावाची पांढरी भुकटी मिळते. सूक्ष्म शैवालांच्या कवचांची माती. किड्याच्या अंगावरचं मेणाचं पातळ आवरण ती ओरबाडते आणि शोषून घेते, किडा वाळून मरतो. विष नाही. भेगांत भरून ठेवायची.

वाकळवाली
ही चांगली वाटतेय. फरशीच्या सांध्यांत भरू का?

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर
तुमच्या घरात नको. दोन कारणं. ती काम करते कोरडी असतानाच, आणि श्रावणातल्या शहाबादी फरशीला पाणी सुटलेलं असतं. दुसरं, ती उडते. नाकातून छातीत जाते, दम्याच्या माणसाला आणि रांगत्या बाळाला तो त्रास कशाला? उन्हाळ्यात माळ्यावर, जिथं कुणी जात नाही तिथं, तोंडाला फडकं बांधून टाकली तर हरकत नाही. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरची मिळते ती वेगळी, ती तर घरात आणूच नये.

पेठेतला_पैलवान
मीठ?

गंगावेशची_ताई
मी टाकलं होतं बारीक मीठ. दुसऱ्या दिवशी सोप्यात लोणच्यासारखं पाणी. मिठाचा उपाय राजस्थानात लिहिलेला असावा.

उसातला_उंदीर
आमच्या गावाकडं मातीची जमीन आणि दर आठवड्याला शेणाचं सारवण. आज्जी म्हणायची सारवलं की पिसवा राहत नाहीत. ती श्रद्धा का शास्त्र?

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर
सारवताना आधी जमीन झाडली जाते, भेगा लिंपल्या जातात. अळीची लपायची जागा बुजते. त्याचा उपयोग आहेच. शेणात पिसू मारण्यासारखं काही आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्या शहाबादी फरशीला हाच न्याय लावा, सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरून घ्या. गवंड्याचं एक दिवसाचं काम, आणि माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात टिकाऊ उपाय.

शाहूपुरीकर
आणि रस्त्यावरची कुत्री? घर कितीही चकाचक करा, बाहेर चौकात बारा कुत्री झोपतात. भैरू त्यांच्यातनं उठून आला की पुन्हा पहिले पाढे.

कोटीतीर्थ
त्यावर बोलायला लागलो तर धागा शंभर पानांचा होईल.

शाहूपुरीकर
होऊ दे की. खायला घालणारे घालतात, आणि पिसवा आमच्या दारात.

मनीमाऊची_आई
मी घालते खायला, आणि नसबंदी करून पण आणते. सगळ्यांच्या पिसवा मी विंचरू का?

संपादक
मंडळी, भटक्या कुत्र्यांचा धागा वेगळा आहे, वाद तिकडं न्या. इथले पुढचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

न्यूजर्सीचा_रस्सा
व्हॅक्यूम क्लीनर कुणी लिहिला नाही? इकडं तोच मुख्य उपाय. अंडी, अळ्या तर ओढल्या जातातच, शिवाय त्याच्या हादऱ्यानं कोश फुटतात आणि पिसवा बाहेर येतात, त्याही ओढल्या जातात. फक्त पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाकायची, नाहीतर आतल्या पिसवा परत बाहेर.

वाकळवाली
तो आहे, लग्नात आलेला, खोक्यात. बघते चालू होतो का.

आजीचा_बटवा
डॉक्टरसाहेब, रॉकेल, तंबाखू सोडलं. पण करंज तेल आणि लिंबाचं तेल तरी ठीक का? घाण्यावरचं शुद्ध मिळतं आमच्याकडं.

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर
लिंबाच्या बियांत ॲझाडिरॅक्टिन असतं, किड्याची वाढ अडवतं, त्याला खरा आधार आहे. पण बाटलीत किती आहे ते कळत नाही आणि अंगावर फार टिकत नाही. कुत्र्याला खोबरेल तेलात भरपूर पातळ करून, आधी थोड्या जागेवर लावून बघून, चालेल. लाल झालं तर बंद. मांजराला दोन्ही नको. आणि तेल लावलेलं कुत्रं धुळीत लोळतं, हा हिशेब धरा.

वाकळवाली
गणपती झाले, आता निवांत बसून लिहिते.

व्हॅक्यूम चालू झाला, आवाजानं भैरू दोन गल्ल्या पलीकडं पळाला. मोज्यांची युक्ती केली. आम्हाला वाटत होतं सगळं घर भरलंय, तर निघाल्या फक्त दोन जागा: सोप्यातला लाकडी दिवाण, त्याच्या खाली भैरू दुपारी झोपतो, आणि माळ्याच्या जिन्याखालचा कोपरा, जिथं चिंगी बसते. दिवाण हलवला तर मागं भिंतीच्या कडेला धुळीत मिरपूड सांडल्यासारखा काळा थर आणि त्यात पांढरे बारीक दाणे मिसळलेले. अंडी आणि घाण एकत्र. सासूबाईंना वरच्या खोलीत पाठवलं आणि मग तो कोपरा ओढून घेतला, नंतर उकळतं पाणी ओतून खराट्यानं घासला. दिवाण आता विटांवर चढवलाय, खालनं झाडू फिरतो.

पोतं गेलं. साड्यांच्या वाकळा दोन केल्या, एक सासूबाईंच्या जुन्या इरकलीची. त्यावरनं जे व्हायचं ते झालं.

फणी रोज फिरवतो. चिंगीला सुरुवातीला दोघांनी धरावं लागायचं, आता स्वतः येऊन मान पुढं करते. भैरूच्या शेपटीशी कातडी फारच लाल झाली होती म्हणून शेवटी डॉक्टरकडं नेऊन त्याला गोळी दिलीच, जंताचं औषध दोघांना. घरात फवारणी केली नाही. माणसांना चावणं थांबलंय. फणीत अधूनमधून एखादी सापडते. सांधे भरायला गवंडी दिवाळीच्या आधी येतो म्हणालाय.

शाहूपुरीकर
गोळी दिली शेवटी. मी पहिल्यापासून सांगत होतो.

गंगावेशची_ताई
आणि वाकळ, फणी, व्हॅक्यूम कुणी सांगितलं होतं?

निवृत्त_जनावरांचा_डॉक्टर
छान केलंत. एखादी सापडतेय म्हणजे कोश अजून फुटताहेत, फणी आणि व्हॅक्यूम थंडी पडेपर्यंत सोडू नका. मधेच कुठं गावाला जाणार असाल तर परतल्यावर आधी व्हॅक्यूम, मग बाळ खाली.

पेठेतला_पैलवान
गवंडी दिवाळीच्या आधी येणार म्हणजे शिमग्याला येणार. सांधे तोवर मेणानं भरा.

वाकळवाली
@पैलवान, गवंडी तुमच्याच तालमीतला आहे. तेवढं बघा की जरा.

पेठेतला_पैलवान
नाव सांगा, उद्या सकाळी हौद्यात गाठतो.